काळा दगड धुऊ नये

माझ्या नणंदेचा सत्कार झाला त्या दिवसाचा फोटो मंडळाच्या भिंतीवर लावलेला आहे. तो काढा म्हणून मी तीनदा जाऊन सांगून आले, अजून निघालेला नाही. फोटोत ती व्यासपीठावर उभी आहे, हातात प्रमाणपत्र, शेजारी सगळे दात दाखवत डॉक्टर. लोक म्हणतात, किती छान फोटो आलाय. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते. ते प्रमाणपत्र माझ्याच दुकानात छापलेलं आहे, म्हणून जास्तच.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मोठ्या हॉस्पिटलात साफसफाईच्या कामाला एकतीस वर्षं, सकाळी सहा ते दुपारी दोन. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते, "दिवसभर दुसऱ्यांचं आवरून आल्यावर घरी आणखी एक पसारा कशाला?" आमच्याकडेच राहते, जिन्याखालच्या खोलीत. एक पलंग, एक खिडकी, खिळ्याला टांगलेला निळा एप्रन आणि कागदांनी भरलेलं एक फडताळ, एवढाच तिचा संसार. नणंद घरात असणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. मी केर काढला की ती चकार शब्द बोलत नसे, फक्त दाराच्या मागे बघत असे. लग्नानंतरची दोन वर्षं मी त्या बघण्यावरून आतल्या आत धुमसले, आणि तिसऱ्या वर्षी दाराच्या मागचा केर काढायला शिकले.

हॉस्पिटलात तिला 'चकाचक' म्हणायचे. चेष्टेनं सुरू झालं आणि मग तेच नाव पडलं. तिचं काम मी एकदा पाहिलंय, माझ्या ऑपरेशनच्या वेळी. दोन बादल्या, एकीत औषधाचं पाणी, दुसरीत नुसतं. पोछा आधी नुसत्या पाण्यात पिळायचा, मग औषधात बुडवायचा. स्वच्छ कोपऱ्याकडून घाणीकडे यायचं, उलट कधीच जायचं नाही. वॉर्डात कोरडा झाडू फिरवायचा नाही, कारण उडालेली धूळ कुणाच्या तरी जखमेवर बसते. आणि तिचं नाक! कुठल्या मजल्यावरची मोरी तुंबली आहे ते ती जिन्यातच सांगायची. लोकांना वाटतं, घाण काढणाऱ्या माणसाचं नाक मेलेलं असतं. डोंबल! घाण काढणाऱ्याचंच नाक जिवंत असतं, बाकीच्यांनी ते रुमालात गुंडाळलेलं असतं.

बारा वर्षांपूर्वी पुलाची दुरुस्ती निघाली आणि तिला नदीकाठच्या पायवाटेनं कामावर जावं लागलं. एके दुपारी ती परत आली ती थेट माझ्या दुकानात. माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे, एक खोली, दोन यंत्रं, एक काउंटर. त्या काउंटरवर तिनं कागदाची पुडी उलगडली. आत काळपट, चिकट, बोटभर काहीतरी.

"अहो ताई! इथे लोकांच्या निमंत्रणपत्रिका आहेत!"

"बघ तर खरं. कुत्र्याचं नाही, मांजराचं नाही, माणसाचं तर नाहीच. हे माशाचे खवले. हे खेकड्याचं कवच. वास घे."

"तुम्हीच घ्या!"

"अगं, घाण नाही येत. माशाचा आहे, पण त्याच्याखाली वाळल्या गवतासारखा काहीतरी आहे."

घाण दिसली की माणसं नाक मुरडून पुढे जातात. ताई थांबते, कारण घाण कुणाची, कधीची आणि कशानं निघेल हे बघणं हाच तिचा धंदा. म्हणून पाणमांजरं सापडली ती तिला, गळ्यात दुर्बिणी अडकवून हिंडणाऱ्यांना नाही. पुढे पंधरा-वीस दिवस ती रोज अर्धा तास लवकर निघाली, आणि एका सकाळी तिला ती दिसलीच. पाण्यातून दोन डोकी वर आली, ओली, गुळगुळीत, आणि त्यातल्या एकानं दोन्ही हातांत मासा धरून तो डोक्याकडून कुरकुरत खाल्ला. संध्याकाळी तिनं आम्हाला ते करून दाखवलं, हातात पोळपाटाएवढी वही धरून. माझा नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात आहे, सहसा हसत नाही. तो त्या दिवशी पोट धरून हसला.

वाकड्या झाडाच्या मुळांखाली त्यांचं बीळ होतं. त्याच्या खाली पाण्याला लागून एक काळा दगड होता, आणि त्याच दगडावर येऊन ती हगायची. स्पष्टच लिहिते, कारण स्पष्ट न लिहिल्यामुळेच पुढचं सगळं झालं. ताई म्हणायची, ती त्यांची हजेरी आहे. मी आहे, ही जागा माझी आहे, हे ते जनावर असं सांगतं. दगडावर ताजं असलं की घर भरलेलं आहे.

तिनं त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. हॉस्पिटलात संडासाच्या दाराशी एक तक्ता लावलेला असतो: तारीख, वेळ, जागा, मग 'स्वच्छ' आणि 'अस्वच्छ' असे दोन रकाने, शेवटी सही. त्या तक्त्यांचा नमुना बदलला तेव्हा जुने गठ्ठे रद्दीत निघाले होते. ते तिनं मेट्रनला विचारून घरी आणले. जागेच्या रकान्यात लिहायची, 'काळा दगड'. ताजी विष्ठा दिसली तर 'अस्वच्छ'वर खूण, नसली तर 'स्वच्छ'वर. अकरा वर्षांत आमच्या घरात 'अस्वच्छ' हा आनंदाचा शब्द होऊन बसला. दुपारी ती दारात आली की नवरा विचारायचा, "काय ताई, आज?" ती म्हणायची, "अस्वच्छ!" आणि हा म्हणायचा, "वा, वा!" शेजाऱ्यांना आम्ही वेडे वाटत असू.

पाच वर्षांपूर्वी डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे दातांचे. माझ्या दुकानासमोरच त्यांचा दवाखाना. एकदा सकाळी फिरायला गेले असताना त्यांना समोरच्या काठावरून पाणमांजर दिसलं. त्याचा त्यांनी व्हिडिओ काढला आणि तो दाखवताना माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसून ते खरोखर रडले. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला चिडायला सोपं गेलं असतं. महिन्याभरात 'पाणमांजर मित्र मंडळ' निघालं, चाळीस सभासद झाले, हिरवे टीशर्ट शिवून आले आणि जिथे तिथे "आपल्या नदीत पाणमांजरं आहेत, हे आम्ही शोधून काढलं" असं सुरू झालं. आयत्या बिळावर नागोबा!

मीच त्यांना सांगितलं की आमच्या ताईंना सात वर्षांपासून माहीत आहे. मग ताईला मोठ्या प्रेमानं मंडळात घेतलं. 'आमच्या मावशी' म्हणून ओळख करून देऊ लागले. सभा ठेवायचे दवाखान्याच्या वरच्या खोलीत, सकाळी अकराला, म्हणजे ताई तिसऱ्या मजल्यावर पोछा मारत असताना. एकदा तिच्या सुट्टीच्या दिवशी सभा आली, तेव्हा ती धुतलेले कपडे घालून, तक्त्यांची पिशवी घेऊन गेली. दोन तास लोक बोलले, बोधचिन्हातल्या पाणमांजराची शेपटी डावीकडे हवी की उजवीकडे. पिशवी उघडलीच नाही. शेवटी चहा झाला आणि उठता उठता कुणीतरी म्हणालं, "मावशी, जरा एवढे कप..."

ताईनं कप धुतले. आधी नुसत्या पाण्यात, मग साबणाच्या, मग पुन्हा नुसत्या. मी शेजारी बसले होते आणि मूग गिळून गप्प राहिले. मंडळाची छपाई माझ्याकडे यायची ना.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी नगरपालिकेनं नदीकाठ सुधारायचं ठरवलं. पुलापासून पंपघरापर्यंत काँक्रीटची भिंत, भिंतीवर फिरायला फरसबंदी. बरोबर मधोमध वाकडं झाड, बीळ आणि काळा दगड. त्या वर्षी बिळात दोन पिल्लं होती. ताईनं त्यांना आईच्या मागे पाण्यात उतरताना पाहिलं होतं, एक उतरायला तयार नव्हतं आणि आईनं त्याला मानगुटीला धरून ओढलं होतं. मंडळानं हरकत घेतली. डॉक्टरांनी पत्रांवर पत्रं लिहिली, हेही कबूल. शेवटी उत्तर आलं: नदी खात्याचा पाहणी अधिकारी अमुक तारखेला येईल. त्याला पाणमांजरांच्या ताज्या खुणा आढळल्या तर तेवढा तुकडा भिंतीतून वगळू. नाही आढळल्या तर एक तारखेपासून काम सुरू.

बस, एवढंच होतं. त्या दिवशी तो दगड घाण असायला हवा होता. कुणी काही करायचं नव्हतं. काही न करणं, हेच काम होतं. आणि चाळीस जणांना नेमकं तेवढंच जमलं नाही.

डॉक्टरांनी पाहणीच्याच दिवशी 'पाणमांजर दिवस' साजरा करायचं ठरवलं. एका दगडात दोन पक्षी, म्हणाले. अधिकाऱ्याला दिसू दे, गावाचं किती प्रेम आहे ते. आणि पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी काठाची सफाई. ताईला हे माझ्याकडून कळलं. मग एप्रनच्या खिशातून पेन काढून तिनं तक्त्याच्या पाठीवर तीन ओळी लिहिल्या. "हे पत्रकात छाप. सगळ्यांच्या हातात जायला हवं."

वाकड्या झाडाच्या पुढे जाऊ नये. मुळांशी अडकलेली लाकडं उचलू नयेत. काळा दगड धुऊ नये, त्यावर पाणमांजराची विष्ठा असते, ती पाहुण्यांना दाखवायची आहे.

मी तिन्ही ओळी टाइप केल्या आणि पत्रक डॉक्टरांना पाठवलं. दहा मिनिटांत फोन.

"वहिनी, सुंदर झालंय. फक्त ते शेवटचं जरा..."

"कुठलं?"

"तेच हो, विष्ठा वगैरे. शाळेतली मुलं येणार, मोठी माणसं येणार. वाचायला कसं वाटतं ते! आणि चित्र मोठं करा ना. पाणमांजर दिसतच नाही."

"पण डॉक्टर, ताईंनी मुद्दाम सांगितलंय."

"मी आहे ना! मी स्वतः सांगतो सगळ्यांना."

मी ती ओळ निवडली आणि कळ दाबली. एक कळ. रिकाम्या झालेल्या जागेत पाणमांजराचं चित्र मोठं केलं. खरंच छान दिसायला लागलं पत्रक.

सफाईच्या दिवशी ताईनं रजा मागितली होती, पण वॉर्डात साथीचे पेशंट आले होते, रजा मिळाली नाही. मी दुकानात. बाराच्या सुमाराला मंडळाच्या ग्रुपवर फोटो पडायला लागले. गोळा केलेल्या बाटल्या. हिरवे टीशर्ट. अंगठे. आणि मग दोन फोटो शेजारी शेजारी, 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'मध्ये काळा दगड, डागाळलेला, त्यावर खवले चमकताहेत. 'नंतर'मध्ये तोच दगड लख्ख, आणि शेजारी ब्रश हातात धरून डॉक्टर.

चार वर्षं त्यांनी तो दगड समोरच्या काठावरून, दुर्बिणीतून पाहिला होता. जवळून त्यांनी तो ओळखलाच नाही. आणि सांगणार होते ते स्वतः. सकाळपासून पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मागे होते, सांगायचं राहून गेलं. दंतवैद्यच तो. डाग दिसला की हात शिवशिवतात.

सव्वादोनला ताई दुकानात आली. मी तिच्यापुढे फोन धरला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला. मग म्हणाली, "डॉक्टरांना लाव."

मी फोन लावला.

"डॉक्टर, कशानं धुतला?"

"मावशी! पाहिलात का? फिनेलनं! दोन तास घासला. कुणी काय काय करून ठेवलं होतं त्याच्यावर, शी!"

"पाण्यात घातलं होतं की नुसतंच?"

"नुसतंच. घट्ट. हॉस्पिटलला लाजवेल असा झालाय!"

ताईनं फोन माझ्या हातात दिला. ती चिडली नाही, ओरडली नाही. मी ओरडले. डॉक्टरांना काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. ते म्हणत राहिले, "तो दगड? तोच दगड?" आणि मग त्यांचा आवाज बसला. माझा बसला नाही, कारण ओरडत राहिलं की स्वतःबद्दल विचार करावा लागत नाही.

घरातल्या दोन्ही बादल्या घेऊन आम्ही नदीवर गेलो. लांबूनच फिनेलचा वास येत होता, वॉर्डात येतो तसा. मंडळी जेवायला पांगली होती. ताईनं चपला काढल्या, पाण्यात उतरली आणि बादली भरून दगडावर ओतली.

"घासायचं नाही," ती म्हणाली. "साबण नाही, काही नाही. नुसतं नदीचं पाणी."

मी भरायचं आणि तिनं ओतायचं. थोड्या थोड्या वेळानं ती गुडघे टेकून दगडाला नाक लावायची आणि मान हलवायची. जन्मभर जिनं फिनेल ओतलं, ती फिनेल काढत होती, आणि ते निघत नव्हतं. दगडाच्या भेगांत मुरलं होतं. किती बादल्या झाल्या, आम्ही मोजल्या नाहीत. तिच्या गुडघ्यांची कातडी सोलली होती.

दम खायला म्हणून ती काठावर बसली. झुडपात एक पत्रक अडकलं होतं. सफाईतच वाटलेलं आणि सफाईतच टाकलेलं, काय बोलणार! ताईनं ते काढलं आणि मांडीवर सरळ केलं.

"ह्यात छापलं होतंस ना गं? मग ह्या लोकांनी वाचलं कसं नाही?"

ती वाचू लागली. मी नदीकडे बघत होते. पत्रक लहानसंच, एका पानाचं. वाचायला किती वेळ लागतो? तिला खूप वेळ लागला. दोनदा वाचलं असेल. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"चित्र मोठं छान आलंय," ती म्हणाली.

"ताई, मी..."

"बादली भर."

दुसऱ्या दिवशी अधिकारी बरोबर नऊला आला. बारीक चणीचा, साधा माणूस, बुटांना चिखल लागेल याची पर्वा न करता सरळ काठावर उतरला. वर व्यासपीठ, झेंडे, सातपासून चाललेलं "हॅलो, माइक टेस्टिंग", शिट्ट्या, आणि डॉक्टरांचा कंपाउंडर पाणमांजराचा पोशाख घालून घामानं निथळत उभा. अधिकाऱ्यानं दगडापाशी बसून वास घेतला.

"फिनेल?" त्यानं विचारलं.

डॉक्टर सगळं बोलले, चूक कबूल केली, व्हिडिओ आणि कालचा 'आधी'चा फोटो दाखवला. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि पुढचा तासभर काठ शोधला, मुळांखाली विजेरी मारली, चिखल पाहिला. चाळीस जणांनी आदल्या दिवशी तो तुडवून सपाट केलेला. मग म्हणाला, "व्हिडिओ जुना आहे, फोटो कालचा. मला आज काय दिसलं ते लिहायचं आहे."

ताई पुढे झाली, त्या दिवसाची रजा तिला मिळाली होती. तिची पिशवी, अकरा वर्षांचे तक्ते. अधिकाऱ्यानं ते दगडावर बसून चाळले. घाई केली नाही. त्या तक्त्यांकडे असं कुणी पहिल्यांदाच बघत होतं.

"सगळीकडे 'अस्वच्छ' आहे."

"हो साहेब. म्हणजे पाणमांजर आलं होतं."

"परवा?"

"अस्वच्छ."

"आणि आज?"

आजचाही तक्ता होता. ताई सकाळी साडेपाचलाच येऊन गेली होती, रोजच्यासारखी. तिनं तो काढून त्याच्या हातात दिला. 'स्वच्छ'वर खूण, खाली सही.

माझ्या तोंडून शिवीच निघाली. एक खूण! एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात! कुणी विचारलं असतं तिला? निदान तो कागद घरी ठेवायचा! अधिकाऱ्यानं तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"जे दिसलं ते लिहिलं."

"मला पण तेच करावं लागतं, बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या कागदावर लिहिलं, 'खुणा आढळल्या नाहीत.' लिहिताना त्यानं मान वर केली नाही.

आणि तरी कार्यक्रम झाला! पाहुणे आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, कसं थांबवणार? ताईचं नाव पुकारलं. तिला व्यासपीठावर नेऊन हातात ते प्रमाणपत्र दिलं: 'स्वच्छतेचं प्रतीक'. फोटोवाल्यानं डॉक्टरांना हसायला सांगितलं आणि ते हसले. तोच तो फोटो. कुणीतरी ताईपुढे माइक धरला.

"एकतीस वर्षं मी घाण काढते," ती म्हणाली. "काय काढायचं आणि काय ठेवायचं, एवढं एकदा मला विचारायचं होतं. एकदा तरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! पुढच्या रांगेतल्या एक बाई तर डोळे पुसत होत्या. कुणाला काही कळलं नव्हतं. साफसफाई करणारी बाई नम्रपणे चार शब्द बोलली, एवढंच त्यांना दिसलं. माझा तोल गेला. मी खुर्च्या ढकलत पुढे गेले आणि ओरडले, "टाळ्या कसल्या वाजवताय? दगड तुम्ही धुतलात! आणि ती ओळ मी काढली, मी! चित्र मोठं करायला!" माइक बंद झाला. मागे कुणीतरी म्हणालं, नणंद-भावजयीचं काहीतरी दिसतंय, आणि लोक हसले.

दोन दिवसांनी ताईला पुलाच्या खालच्या अंगाला चिखलात पावलं दिसली. एक मोठी जोडी, दोन लहान. तिनं बराच वेळ शोधलं, पण परतीची पावलं नव्हती. एक तारखेला यंत्रं आली. वाकडं झाड अर्ध्या तासात आडवं झालं. डॉक्टरांनी फेरपाहणीचा अर्ज दिला, वरातीमागून घोडं. उत्तर आलं की काम सुरू आहे. ते माझ्या दुकानात येऊन त्याच खुर्चीवर बसले आणि ताईला म्हणाले, "मावशी, माफ करा. पुढच्या वेळी तुम्हाला विचारूनच करू."

"पुढची वेळ कुठली, डॉक्टर?" ताईनं विचारलं. मी त्यांना चहा विचारला नाही.

आता तिथे भिंत आहे. भिंतीवर फरसबंदी, बाकं, दिवे, आणि नगरपालिकेनं उभं केलेलं सिमेंटचं पाणमांजर, चकचकीत तपकिरी रंगाचं, हातात मासा. त्याच्या गळ्यात हात टाकून लोक फोटो काढतात. काळा दगड त्याच्या पायाखाली कुठेतरी काँक्रीटमध्ये आहे. मंडळाचा 'पाणमांजर दिवस' यंदाही झाला, त्या पुतळ्याभोवती. यंदाची पत्रकं मी छापली नाहीत.

ताई निवृत्त झाली. गुडघ्यांनी दगा दिला, चालवत नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तिनं मला उठवलं, कोरा तक्ता हातात दिला आणि म्हणाली, "तू जायचंस." ती मला कधीही रागानं बोलली नाही, त्या ओळीबद्दल एकदाही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून रोज मी जाते. भिंतीवरून वाकून बघते, पुलापासून पंपघरापर्यंत, आणि घरी येऊन खूण करते. नवरा आता विचारत नाही.

काल मी म्हटलं, "ताई, सहा महिने झाले. रोज एकच रकाना भरतेय. आता पुरे करू या का?"

ती खिडकीशी बसली होती. "वॉर्डात पेशंट नसला म्हणून तक्ता कोरा ठेवतात का?"

मी पेन उचललं. ती माझ्याकडे बघत होती.

"पंपघराच्या मागे बघितलंस?"

बघितलं नव्हतं. ती फक्त बघत राहिली, वीस वर्षांपूर्वी दाराच्या मागे बघायची तशी. मी पेन खाली ठेवलं, चपला घातल्या आणि पुन्हा नदीवर गेले. पंपघराच्या मागे उतरले, पाण्याशी बसून दगड न् दगड पाहिला, वास घेतला. घरी येऊन तिच्यासमोर 'स्वच्छ'वर खूण केली आणि खाली सही केली. सही आता माझी असते.